काजूची बी कुठे फुटते?

कच्च्या काजूचा व्यापार ऐंशी किलोंच्या पोत्यात मोजतात. माल चांगला असेल तर अशा एका पोत्यातून ४८ पौंड, म्हणजे साधारण २१.८ किलो गर निघतो. बाकी सगळे टरफल, साल आणि ओल. म्हणजे जहाजातून आलेल्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग गर नसतोच. तरीही गेली कित्येक दशके आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भरलेली पोती अख्खा समुद्र ओलांडून भारतातल्या आणि आता त्याहून जास्त व्हिएतनामच्या बंदरांत उतरतात आणि तिथे फोडली जातात. जे काम झाडापासून कोसभर अंतरावर होऊ शकले असते ते परक्या देशात का होते, याचे बरेचसे उत्तर व्यापारधोरणात आहे. निर्यातकर किती, आयातशुल्क किती, बीवर किती आणि गरावर किती. हे आकडे बदलले की सगळ्यांत आधी हात रिकामे होतात ते बायकांचे, कारण काजू फोडणारे, सोलणारे आणि निवडणारे हात बहुतांशी त्यांचेच असतात.

खुल्या व्यापाराने विकसनशील देशांतल्या बायकांना रोजगार मिळतो की जातो, या वादात नेहमी ढाक्याच्या शिवणकारखान्यांचा दाखला दिला जातो. तो महत्त्वाचाच आहे. लाखो मुली तिथे पहिल्यांदा स्वतःच्या पगाराच्या झाल्या, आणि २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसे मेली तीही त्याच धंद्यात. पण कपड्याच्या उदाहरणात काम जिथे आले ते टोक तेवढे ठळक दिसते. काजूत काम गेले ते टोकही गरीब देशात आहे आणि आले तेही. दोन्हीकडे बायका आहेत, आणि एका टोकाला आपण स्वतः उभे आहोत.

माझे म्हणणे असे की खुला व्यापार बाईला काम देतो की काढून घेतो, हा प्रश्न विचारण्यातच चूक होते. काम एका किनाऱ्यावरच्या बाईकडून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या बाईकडे जाते आणि दोघींपैकी कुणीच हिशोबात नसते. शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर असते, कारखानदाराचे बँकेच्या खात्यावर. फोडणारीचे नाव फार तर हजेरीपटावर, तेही कैकदा कच्च्या वहीत. ती वही समोर ठेवल्याशिवाय शुल्काचा दर ठरवू नये.

आधी काम कसे चालते ते नीट पाहायला हवे, कारण धोरणाचे सगळे परिणाम शेवटी या कामाच्या बारकाव्यांतूनच खाली झिरपतात. बी उन्हात वाळवून साठवतात. जुन्या पद्धतीत ती लोखंडी ड्रममध्ये भाजतात, नव्या पद्धतीत वाफवून रात्रभर निवत ठेवतात. टरफल ठिसूळ होते, आतला गर त्यापासून सुटतो. घाई करून गरम बी कटिंगला, म्हणजे फोडणीला, घेतली तर गर मऊ असतो आणि पात्याखाली चिरतो. फोडणी एकतर जमिनीवर बसून दांडक्याने होते, नाहीतर हातापायाने चालवायच्या यंत्रावर. दोन पात्यांमध्ये बी धरायची, पायाने पट्टी दाबली की टरफल चिरते, हाताने दांडा फिरवला की उघडते. टरफलाच्या आतल्या पोकळ्यांत तेल भरलेले असते. त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लाने आणि कार्डॉलने कातडी भाजते, बोटांची साल निघते. म्हणून बायका हाताला तेल नाहीतर राख चोळतात. ‘हातमोजे दिले तरी घालत नाहीत’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण साधे आहे. मोज्यात बीचा कल बोटांना कळत नाही, वेग पडतो, आणि मजुरी किलोवर आहे.

फोडलेला गर बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, साधारण ७० अंशांवर सहा ते आठ तास वाळवतात. मग सोलणी. सुटलेली साल बोटांनी, चिकटलेली छोट्या सुरीच्या टोकाने. सुरी लागली की ओरखडा, ओरखडा पडला की दर्जा खाली. शेवटी निवडणी. डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०, ४५० हे आकडे म्हणजे एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्याची मोजणी. त्याखाली पाकळी, तुकडा आणि कणी. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातली तफावत हाच या धंद्याचा कणा आहे. एका बीतून अख्खा गर काढणे हे कौशल्य आहे, आणि ते कौशल्य जिच्या बोटांत आहे तिला जगभर अकुशल मजूर म्हणून नोंदवले जाते.

आता मोझांबिक. काजूचे झाड ब्राझीलहून पोर्तुगीजांनीच गोव्यात आणले आणि त्यांनीच मोझांबिकलाही नेले, त्यामुळे कोकण आणि हा देश या झाडाच्या नात्याने भावकीतले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक हा जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक होता. राजधानीतल्या, म्हणजे तेव्हाच्या लोरेंसो मार्क्सच्या आणि आताच्या मापुटोच्या कारखान्यांत बी फोडायला मोठ्या संख्येने बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी विधवा, टाकलेल्या किंवा एकट्याने मुले वाढवणाऱ्या. १९७५ ला देश स्वतंत्र झाला. १९७८ मध्ये सरकारने कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी घातली, हेतू हा की बी देशातच फुटावी. पण त्याच सुमाराला यादवी पेटली ती १९९२ पर्यंत चालली. झाडे म्हातारी झाली, नवी लावली गेली नाहीत, खेड्यांतले दुकानदार पळाले, बीची खरेदी कोसळली. बंदी होती, पण कारखान्यांना बीच मिळत नव्हती. संरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा भाग गाळू नये. निर्यातबंदीने शेतकऱ्याचा भाव पाडून ठेवला आणि त्या बदल्यात कारखाने काही सुधारले नाहीत. इटालियन आणि ब्रिटिश बनावटीची मोठी यंत्रे बी आपटून फोडत आणि तुकडा फार पाडत.

नव्वदीच्या सुरुवातीला बंदी उठली आणि तिच्या जागी निर्यातकर आला. सरकारी कारखाने विकले गेले. खरेदीदारांनी ते घेतले तेव्हा कच्ची बी काही वर्षे तरी देशात राहील असा त्यांचा समज होता. शाई वाळते न वाळते तोच जागतिक बँकेने कर्जाच्या अटीत निर्यातकर उतरवायला लावला. १९९५-९६ च्या हंगामात तो २० टक्के झाला, पुढच्या हंगामात १४. बँकेचा युक्तिवाद कागदावर पक्का होता. कारखाने अकार्यक्षम आहेत, काजू लावणारी कुटुंबे दहा लाखांच्या घरात आहेत, कारखान्यातले कामगार दहा हजार. दहा हजारांसाठी दहा लाखांचा भाव का पाडायचा? बी मोकळी सोडा, शेतकऱ्याला जागतिक भाव मिळेल, तो झाडे लावेल.

बी मोकळी झाली आणि भारतात आली. यामागे हंगामाचे गणित आहे. आपली बी फेब्रुवारी ते मे मध्ये उतरते. मोझांबिकची दक्षिण गोलार्धात, वर्षअखेरीस. केरळातल्या कोल्लमच्या कारखान्यांना ज्या महिन्यांत बी नसते त्या महिन्यांत ती हाताशी येत असे. खरेदीदार जवळजवळ एकटा भारतच. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात कर कमी झाल्याचा फायदा कुणाच्या खिशात जातो, हे मंडईत माल विकणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. काही शेतकऱ्याकडे गेला, काही मधल्या व्यापाऱ्याने ठेवला, काही समुद्रापलीकडच्या खरेदीदाराने.

मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन हॉर्न वेल्च या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली याचा हिशोब मांडला. कर कमी केल्याचा थेट लाभ वर्षाला सुमारे ६६ लाख डॉलर, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या ०.१४ टक्के. शेतकऱ्यांच्या पदरात पडले ते फार तर ५३ लाख डॉलर, काजू लावणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाकाठी ५ डॉलर ३० सेंट. दुसऱ्या बाजूला कारखान्यांतल्या दहाएक हजारांपैकी बहुतेकांचे काम गेले, आणि त्या बेकारीच्या किमतीने हा लाभ बराचसा धुऊन काढला. १९९७ मध्ये बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन मापुटोला गेले, फेरविचाराचे आश्वासन दिले. १९९९ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. तोवर दारांना कुलपे लागली होती.

या हिशोबातली एक गोष्ट मला फार टोचते. शेतकऱ्याचा लाभ मोजताना कुटुंब हे एकक धरले, आणि कामगाराचे नुकसान मोजताना मजुरी. पण मापुटोच्या कारखान्यातून घरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी शेतकरी होत नाही. तिच्याकडे काजूचे झाड नसते. ‘मनुष्यबळ जास्त उत्पादक क्षेत्राकडे वळेल’ हे वाक्य अशा अहवालांत सहज लिहिले जाते. चाळिशीतली, अक्षरओळख नसलेली, हाताची साल गेलेली बाई नेमकी कुठल्या क्षेत्राकडे वळणार, याचा पत्ता त्या वाक्यात नसतो. फुटपाथवर टोमॅटोचे वाटे मांडून बसणे हे काम आहे, पण त्याला उत्पादकता वाढली असे म्हणता येत नाही.

मग हे काम कोल्लमच्या बाईला मिळाले, तिचे तरी भले झाले का? काही अंशी झाले, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. केरळात काजू कामगारांची संघटना जुनी आणि दणकट, किमान वेतनाचा कायदा लागू, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा लागू. १९६९ मध्ये राज्याने स्वतःचे काजू विकास महामंडळ काढले, १९८४ मध्ये ‘कॅपेक्स’ ही काजू कामगारांची सहकारी शिखर संस्था. कामगारांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका. इतक्या बायका इतकी वर्षे एका उद्योगात टिकल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत.

पण आत शिरून पाहिले की उतरंड दिसते. भट्टीवर, भाजणीवर, पोती उचलायला पुरुष, आणि त्यांचा पगार दिवसावर. फोडणी आणि सोलणीला बायका, त्यांची मजुरी किलोवर. बायकांतही जात. तेलात हात घालायची फोडणी परंपरेने दलित बायकांकडे, सावलीत बसून करायची सोलणी-निवडणी वरच्या जातींकडे. परदेशी बाजारासाठी चालणाऱ्या कारखान्याने जुनी उतरंड मोडली नाही. तिच्यावरच खाती बसवली.

किलोवरची मजुरी म्हणजे काय, हे एका पोत्यापुरते मांडून पाहू. बीच्या व्यापारात आउटटर्नखेरीज, म्हणजे पोत्यामागे किती पौंड गर निघतो त्याखेरीज, आणखी एक माप असते, किलोत किती बिया बसतात ते. चांगल्या मालात किलोला १८० बिया. बारीक मालात २१० किंवा जास्त. समजा पहिल्या मालाचा आउटटर्न ४८ पौंड आहे. ऐंशी किलोंच्या पोत्यात १४,४०० बिया, त्यातून २१.८ किलो गर, म्हणजे एक किलो गरासाठी साधारण ६६० बिया फोडायच्या. दुसऱ्या मालाचा आउटटर्न ४५ पौंड. पोत्यात १६,८०० बिया, गर २०.४ किलो, म्हणजे किलोला साधारण ८२३ बिया. सराईत बाई मिनिटाला दहाएक बिया फोडते, आठ तासांत ४,८००. पहिल्या मालावर तिचा दिवस सव्वासात किलोंचा, दुसऱ्यावर साधारण ५.८ किलोंचा. हात तेवढेच चालले, तेलाने तेवढेच भाजले, आणि मजुरी वीस टक्क्यांनी घटली. का, तर मालकाने या खेपेला दुसऱ्या देशाचा माल उचलला. आयातदाराच्या करारात हा फरक भावात धरलेला असतो. आउटटर्न कमी निघाला तर पौंडामागे किती कापायचे हे लिहिलेले असते. बाईच्या करारात तसे कलम नाही, मुळात तिचा करारच नाही.

दुसरा बारकावा दिवसांचा. कर्मचारी राज्य विम्यात आजारपणाची भरपाई हवी असेल तर सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवस भरावे लागतात. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवस. आता बीची बोट महिनाभर उशिरा लागली, किंवा टांझानियात लिलाव अडला, किंवा डॉलर वधारल्याने मालकाने खरेदी पुढे ढकलली, तर कारखाना बंद राहतो आणि बाईचे ७८ पैकी ७४ दिवस भरतात. चार दिवसांसाठी तिचे हक्क तुटतात. परदेशी व्यापारातल्या चढउताराची झळ तिला मजुरीत बसतेच. ती आजारपणातही बसते, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण व्यापार खात्याला विम्याचा कायदा माहीत नसतो आणि विमा खात्याला बोटीचे वेळापत्रक.

मजुरी थोडी वाढली की कारखाना सरकतो. कोल्लमहून शेजारच्या तामिळनाडूत, कन्याकुमारीकडे. किंवा घराघरात, ज्याला तिकडे ‘कुडीवरुप्पू’ म्हणतात, म्हणजे घरच्या चुलीवर भाजून घरातच फोडणे, धुरासकट, मुलांसकट, हजेरीपटाशिवाय. २०१५ मध्ये केरळात काजू कामगारांच्या किमान वेतनात मोठी वाढ झाली आणि त्यानंतर शेकडो खासगी कारखाने बंद पडले. वेतनवाढ चुकीची होती असा निष्कर्ष त्यावरून काढतात, तो मला मान्य नाही. त्याच काळात कच्च्या बीचा भाव चढला होता, २०१६ च्या अर्थसंकल्पात बीवर ५ टक्के आयातशुल्क बसले होते, आणि समोर व्हिएतनाम होता.

व्हिएतनामने नव्वदीत सुरुवात केली आणि २००६ च्या सुमाराला गराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले. त्यांनी फोडणी आणि सोलणी यंत्रावर नेली, यंत्रे देशातच बनवली, आणि सुधारत नेली. सुरुवातीला त्या यंत्रांतही तुकडा जास्त पडायचा. पाते आणि बीचा आकार जुळवून घेत त्यांनी तो खाली आणला. आपल्याकडे बायकांचे हात स्वस्त होते म्हणून यंत्रावर पैसा घालायची निकड कुणाला वाटली नाही, आणि हात महाग झाले तेव्हा बाजार गेला होता. आता यंत्रे आली आहेत, कोकणातल्या छोट्या युनिटांतही. आणि यंत्रासोबत काय होते ते गिरणगावाने फार पूर्वी पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या कापडगिरण्यांत पाचेकातला एक कामगार बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. ती खाती वेगवान यंत्रांवर गेली, रात्रपाळीला बायकांना मनाई होती, १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाचा खर्च मालकावर टाकला, आणि बायका हळूहळू बाहेर पडत गेल्या. १९८२ च्या संपापर्यंत त्या मूठभर उरल्या होत्या. काजूतही यंत्राच्या पॅनेलसमोर पुरुष उभा राहतो आहे आणि बाई यंत्राने नाकारलेले, अर्धवट फुटलेले गर वेचायला बसते आहे. त्या कामाचा दर सगळ्यांत कमी.

आता आपल्या दाराशी येऊ. जगभरच्या शुल्कतक्त्यांत काजूसाठी दोन ओळी असतात. ०८०१ ३१ म्हणजे टरफलासकट बी, ०८०१ ३२ म्हणजे फोडलेला गर. भारताने २०१८ मध्ये बीवरचे शुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आणले आणि २०१९ मध्ये गरावरचे ४५ वरून ७० वर नेले. शिवाय त्याच वर्षी अख्ख्या गरासाठी किलोला ७२० आणि तुकड्यासाठी ६८० रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली. याचा सरळ अर्थ असा की आफ्रिकेची बी आपल्याला हवी, आफ्रिकेतल्या बाईने फोडलेला गर नको. श्रीमंत देशांनी आपल्या सुताला दार उघडे ठेवून कापडाला बंद केले तेव्हा आपण ज्याला अन्याय म्हटले, तेच आपण नाम्पुलाच्या बाईला करतो आहोत. मोझांबिकच्या त्या प्रांतात २००१ नंतर छोटे कारखाने पुन्हा उभे राहिले, आणि तेही आपल्यासारख्याच हाताने कापायच्या पद्धतीवर. त्यांना विकायला युरोप-अमेरिका आहे, पण जगातली सर्वांत मोठी काजू खाणारी बाजारपेठ, म्हणजे आपण, भिंतीआड आहे.

आणि तरी ही भिंत उद्या पाडा असे मी म्हणणार नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड, आजरा या पट्ट्यात शेकडो छोटी युनिटे आहेत. मार्च ते मे बी येते. बी साठवायला भांडवल लागते, छोट्या मालकाकडे ते नसते, म्हणून पावसाळा सरेपर्यंत कामाचे दिवस आटतात. आयात बी मिळाली तर बायकांचे महिने वाढतात. पण तीच आयात नेमकी मार्च-एप्रिलमध्ये येऊन पडली, आणि पश्चिम आफ्रिकेचा हंगाम त्याच महिन्यांत असतो, की बागायतदाराचा भाव कोसळतो. शेतकरी म्हणतो शुल्क वाढवा, कारखानदार म्हणतो कमी करा. दोघांची शिष्टमंडळे मंत्रालयात जातात. कटिंगवरची बाई कुठल्याच शिष्टमंडळात नसते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने काजू उत्पादकांना बीमागे किलोला १० रुपये अनुदान जाहीर केले. कागदपत्रांत सातबारा, त्यावर काजूची नोंद. शेतकऱ्याला मदत मिळाली हे योग्यच. पण सातबाऱ्यावर बायकांची नावे किती असतात हे कोकणात कुणाला सांगायला नको, आणि त्याच वर्षी युनिट बंद राहिल्याने घरी बसलेल्या बाईसाठी असा कुठलाच कागद नव्हता, ज्यावर ती अनुदान मागू शकेल.

काय करता येईल, ते नुसते सदिच्छेवर सोडून चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनने सह्या केलेल्या व्यापार करारात स्त्री-पुरुष समानतेवर वेगळे प्रकरण आहे. चांगली गोष्ट. पण त्यात सहकार्याची भाषा आहे, शुल्काच्या तक्त्याशी त्याचा सांधा नाही. सांधा तिथेच हवा.

सर्वांत सोपी आणि तातडीची गोष्ट किलोच्या दराची. किमान वेतनाच्या अधिसूचनेत फोडणीचा दर नुसता गराच्या किलोवर न ठेवता बीच्या किलोमागच्या संख्येशी बांधावा. १८० पर्यंत एक दर, पुढे दर दहा बियांमागे ठरलेली वाढ. आउटटर्नसाठी तसेच. मोजणी अवघड नाही, प्रत्येक खेपेचा नमुना आयातदार बंदरावर तपासतोच. तोच दाखला युनिटच्या फळ्यावर लावायचा. आणि या दराच्या खाली एक दिवसाची रक्कम पक्की, वीज गेली, बोर्मा बिघडला, बी ओली निघाली, तरी तुटणार नाही अशी.

दिवसांच्या अटीचेही तसेच. बी नसल्याने कारखाना बंद राहिला तर ते दिवस विम्याच्या ७८ मध्ये धरावेत. त्यांचे अंशदान बीवर गोळा होणाऱ्या आयातशुल्कातून भरावे. शुल्क ज्या बीवर आहे, काम त्याच बीचे आहे. अडचण अशी की दहापेक्षा कमी कामगार असलेले युनिट या विम्याच्या बाहेर राहते, आणि कोकणातली बरीच युनिटे तेवढीच. दहाव्या बाईला कच्च्या वहीत ठेवण्याचे कारणही तेच. म्हणून काजूसारख्या उद्योगात तालुका हे एकक धरून एकत्र नोंदणी करावी लागेल, जशी माथाडी मंडळांनी महाराष्ट्रात हमालांसाठी करून दाखवली. १९६९ चा माथाडी कायदा आपलाच आहे. मालक बदलला, गोदाम बदलले, तरी हमालाची नोंद मंडळाकडे राहते. कटिंगच्या बाईची का राहू नये?

गरावरच्या ७० टक्क्यांबद्दल माझा प्रस्ताव वेगळा आहे. ०८०१ ३२ या ओळीखाली सालीसकट गराची वेगळी पोटओळ करावी आणि अतिगरीब आफ्रिकी देशांसाठी तिच्यावरचे शुल्क पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवावे. म्हणजे फोडणी तिथे, सोलणी आणि निवडणी इथे. बोटीत टरफलाचे ओझे येणार नाही आणि दोन्ही किनाऱ्यांवर काम राहील. यात इथल्या फोडणाऱ्या बायकांचे काम कमी होईल, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच टप्पे हवेत, आणि पहिला टप्पा सुरू होण्याआधी त्यांची नावे कागदावर हवीत. सोलणीवर जायचे की यंत्राच्या पॅनेलवर, हे प्रशिक्षण त्या नावांना, बाहेरून आणलेल्या आयटीआयच्या पोरांना नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने जशी काजूची जात निवडून, कलम बांधून बागायतदाराच्या हाती दिली, तितक्या नेटाने कुणीतरी कटिंग यंत्राची पाती जुळवायला बायकांना शिकवायला हवे. काम महिन्याभराचे आहे, वर्षांचे नाही.

आणि नावे मिळवणे अशक्य नाही. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. शुल्काचे प्रस्ताव त्याआधी दोन-तीन महिने खात्याकडे जमतात. ऑक्टोबरात सिंधुदुर्ग, चंदगड, कोल्लम आणि मंगळूरच्या युनिटांत जाऊन पाच गोष्टी लिहून घ्यायच्या. नाव, खाते, वर्षभरात भरलेले दिवस, किलोचा दर, आणि ती फोडते त्या बीचा देश. ही पाच रकान्यांची यादी शुल्काच्या प्रस्तावाला जोडलेली नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.